ग्लोबच्या यार्डात उभं राहून पाहिलेला ‘मॅकबेथ’

लंडनला मुलाकडे किंवा लेकीकडे राहायला आलेल्या मराठी आईवडिलांनी शेक्सपिअर्स ग्लोब या थिएटरमध्ये एक नाटक बघावंच, आणि तेही बसून नाही, यार्डात, म्हणजे रंगमंचापुढच्या उघड्या जागेत, उभं राहून. तिथली उभ्याची तिकिटं 5 पौंडांपासून मिळतात. या शहरात तेवढ्यात दोघांचा धड चहासुद्धा होत नाही. लंडन आय, म्युझियम, राजवाडा हे सगळं मुलं आपल्याला दाखवतातच. हे मात्र आपण होऊन मागायला हवं, कारण नोकरी करणाऱ्या मुलांना वाटतं, आईला चारशे वर्षांपूर्वीचं इंग्रजी कसं झेपणार?

मी कराडजवळच्या मराठी माध्यमाच्या शाळेत निवृत्त होईपर्यंत इंग्रजी शिकवलं. व्याकरणाच्या पुस्तकात मागे वाक्प्रचारांची यादी असायची. डावीकडे वाक्प्रचार, उजवीकडे अर्थ, खाली ‘वाक्यात उपयोग करा’. ॲट वन फेल स्वूप म्हणजे एका फटक्यात. द मिल्क ऑफ ह्यूमन काइंडनेस म्हणजे माणुसकी. मुलं पाठ करायची, गुण मिळवायची. ते वाक्य पहिल्यांदा कोण बोललं, कुणाला बोललं, त्या वेळी त्याच्या हाताला काय लागलेलं होतं, यातलं काही त्या यादीत नसे. ग्लोबच्या यार्डात नेमकं तेच मिळतं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी जागेबद्दल. मूळ ग्लोब 1599 सालचं. शेक्सपिअरच्या नटमंडळींचं आधीचं थिएटर नदीच्या उत्तरेला शोरडिचला होतं. जागेच्या मालकाशी भाडेपट्ट्यावरून बिनसलं, तेव्हा 1598 च्या डिसेंबरात त्यांनी सरळ ते थिएटरच उतरवलं आणि त्याची लाकडं थेम्सपलीकडे आणून त्यातून ग्लोब उभं केलं. 29 जून 1613 ला ‘आठवा हेन्री’च्या प्रयोगात तोफेचा बार काढला, ठिणगी गवताच्या छपरात गेली आणि सगळं थिएटर जळालं. माणसं वाचली. एकाची विजार पेटली होती, ती त्याने बाटलीतली बिअर ओतून विझवली, अशी त्या वेळची नोंद आहे. पुढच्याच वर्षी ते पुन्हा बांधलं, पण 1642 ला प्युरिटन या कर्मठ ख्रिस्ती लोकांनी नाटकंच बंद केली आणि थोड्याच काळात इमारतही गेली.

आजचं ग्लोब सॅम वॉनामेकर या अमेरिकन नटाच्या हट्टातून उभं राहिलेलं आहे. तो 1949 ला लंडनला आला, ग्लोब शोधत गेला, तर बिअरच्या कारखान्याच्या भिंतीवर फक्त एक पाटी सापडली. त्याने 1970 ला ट्रस्ट स्थापन केला, पुढची वीसेक वर्षं पैसे जमवण्यात आणि परवानग्यांत घालवली. 1993 ला तो गेला आणि 1997 ला थिएटर सुरू झालं. ओकचं लाकूड, खिळ्यांऐवजी लाकडी खुंट्या, चुन्याचा गिलावा आणि वर गवताचं छप्पर. 1666 च्या मोठ्या आगीनंतर लंडनमध्ये गवती छपराला मिळालेली ही पहिली परवानगी. त्या छपरावर आता पाण्याचे फवारे बसवलेले आहेत. अशा माणसाचं काम बघून मला फार भरून येतं. स्वतःला एकही प्रयोग बघायला मिळाला नाही, पण माझ्यासारखी कुठून कुठून आलेली बाई तिथे रंगमंचाच्या कडेला हात टेकून उभी राहू शकते.

यार्ड म्हणजे मधली उघडी गोल जागा. आपल्याकडे पूर्वी ‘पिटातले प्रेक्षक’ म्हणायचे ना, तेच. सुमारे 700 माणसं मावतात. डोक्यावर छप्पर नाही, बाजूने तीन मजली गॅलऱ्या, तिथे बाकं. थॉमस प्लॅटर नावाचा एक स्विस प्रवासी 1599 ला लंडनला आला होता. त्याने तिथल्या नाट्यगृहांचे दर लिहून ठेवलेत: उभं राहायचं तर एक पेनी, बसायचं तर आणखी एक, आणि उशी हवी तर तिसरी. ही पद्धत आजही जवळपास तशीच आहे. बाकांवरच्या लोकांना उशी भाड्याने मिळते.

मी गेले ती माझ्या विहीणबाईंबरोबर. त्या नागपूरच्या. त्यांचं शिक्षण मराठीत झालेलं, इंग्रजी समजतं पण बोलायला बिचकतात. निघताना मी त्यांना ट्रेनमध्ये गोष्ट सांगितली: स्कॉटलंडचा सरदार, तीन चेटकिणींचं भाकीत, बायकोची फूस, घरी पाहुणा आलेल्या राजाचा खून, मग एकामागून एक खून. त्या म्हणाल्या, ‘‘ताई, मग उरलं काय बघायचं?’’ सेंट पॉल्स स्टेशनला उतरून मिलेनियम ब्रिजवरून चालत गेलो. रस्ता सरळ आहे. दारं उघडायच्या आधी रांगेत उभं राहिलात तर रंगमंचाला लागून जागा मिळते. ती मिळवाच. पुढे हात टेकायला कड मिळते आणि पायावरचा भार बराच हलका होतो.

आता ‘मॅकबेथ’. शेक्सपिअरच्या शोकांतिकांमध्ये हे सगळ्यात छोटं नाटक, म्हणून उभं राहून बघायला बरं. ते याच ग्लोबमध्ये होत असे. सायमन फोरमन नावाच्या वैद्य-ज्योतिष्याने 1611 ला इथे ‘मॅकबेथ’ पाहिल्याचं टिपण आहे. छापलं गेलं मात्र 1623 ला, शेक्सपिअर जाऊन सात वर्षं झाल्यावर. जॉन हेमिंग्ज आणि हेन्री काँडेल या त्याच्या दोन सहकारी नटांनी 36 नाटकं एकत्र करून मोठा ग्रंथ काढला. त्यातली निम्मी त्याआधी कधी छापलेलीच नव्हती आणि ‘मॅकबेथ’ त्यांत होतं. त्या दोघांनी ते काम अंगावर घेतलं नसतं तर पुढे मी लिहिते आहे त्यातलं एकही वाक्य आज कुणाच्या तोंडी नसतं.

‘मिल्क ऑफ ह्यूमन काइंडनेस’ पहिल्या अंकातच येतं. इंग्रजी वर्तमानपत्रांत हे शब्द कुणा परोपकारी माणसाचं कौतुक करताना वापरतात. नाटकात लेडी मॅकबेथ नवऱ्याचं पत्र हातात घेऊन एकटी उभी आहे आणि तिची तक्रार आहे. माझ्या नवऱ्याच्या अंगात हे दूध फार भरलंय, जवळचा रस्ता धरणं याला जमायचं नाही. जवळचा रस्ता म्हणजे राजाचा खून. आमच्यापासून पाच-सहा फुटांवर उभी राहून ती नटी हे काळजीने म्हणाली, संसाराची चिंता करावी तसं. यादीतल्या ‘माणुसकी’ या एका शब्दात ती बाई कुठेच नाही.

‘बी-ऑल अँड एंड-ऑल’, म्हणजे यातच सगळं आलं, हे माझ्या मुलाच्या ऑफिसात रोज कुणीतरी म्हणतं, असं तो सांगतो. हे सॉफ्टवेअर म्हणजे काही बी-ऑल अँड एंड-ऑल नव्हे, वगैरे. मॅकबेथ हे जेवणाच्या पंगतीतून उठून येऊन म्हणतो. आत राजा जेवतोय, बाहेर हा एकटा हिशेब मांडतोय: हा एक घाव घातला आणि त्यातच सगळं मिटलं, पुढे काही निघणार नसेल, तर परलोकाचं काय व्हायचं ते होवो. पुढे काही निघणार नाही, एवढीच त्याची अट आहे, आणि ती पुरी होणार नाही हे त्यालाही त्याच वेळी कळतंय. नट हे यार्डातल्या माणसांच्या डोळ्यांत बघून बोलतात, कारण दुपारच्या उन्हात त्यांना आपण लख्ख दिसत असतो. अंधाऱ्या नाट्यगृहात स्वगत हे स्वतःशी बोलणं वाटतं. इथे तो माणूस आपला सल्ला विचारतोय असं वाटतं. माझ्या शेजारच्या एका शाळकरी मुलीने नकळत नकारार्थी मान हलवली.

खून झाल्यावर तो बाहेर येतो, स्वतःचे हात बघतो आणि म्हणतो, ‘धिस इज अ सॉरी साइट’, काय हे केविलवाणं दृश्य. पावसात भिजून आलेल्या माणसाला बघून इंग्रज आज हसत हसत म्हणतात तेच वाक्य. लगेच बायको त्याला झापते की हा काय मूर्खासारखा विचार. पुढे तीच त्याला समजावते, ‘व्हॉट्स डन इज डन’, झालं ते झालं. हे वाक्य तर आता मुंबई-पुण्याची मुलंही सर्रास म्हणतात. पण शेवटच्या अंकात तीच बाई झोपेत चालत येते, हात चोळत राहते आणि जवळजवळ त्याच शब्दांत उलटं बोलते, की झालं ते आता ‘न झालेलं’ करता येत नाही. दोन्ही वाक्यांमध्ये दोन अंकांचं अंतर आहे, आणि तेवढ्यात त्या बाईचं काय झालं हे बघायला उभं राहायचं.

आता ‘वन फेल स्वूप’, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं.

मॅकडफ हा सरदार मॅकबेथविरुद्ध मदत मागायला इंग्लंडला पळून गेलेला असतो. बायकामुलं मागे किल्ल्यात. मॅकबेथ मारेकरी पाठवून घरातल्या सगळ्यांना कापून काढतो. ते आपण आधी पाहिलेलं असतं, मॅकडफला माहीत नसतं. मग रॉस नावाचा सरदार ही बातमी घेऊन येतो. त्याच्याने सांगवत नाही. मॅकडफ विचारतो, माझी बायको कशी आहे? बरी आहे. मुलं? तीही बरी आहेत. इकडचं तिकडचं बोलणं होतं आणि मग शेवटी रॉस सांगून टाकतो. मॅकडफ काहीच बोलत नाही. युवराज माल्कम त्याला म्हणतो, अरे, टोपी अशी डोळ्यांवर ओढू नकोस, दुःखाला शब्द दे. तेव्हा तो बोलायला लागतो आणि पुन्हा पुन्हा तेच विचारतो. माझी मुलंसुद्धा? बायकोसुद्धा? सगळी? सगळी म्हणालास का तू? ज्यांनी घरातली मृत्यूची बातमी कुणाला फोनवर कळवली आहे, त्यांना हे ओळखीचं वाटेल. माणूस ऐकतो, तरी परत विचारतो. आणि मग तो म्हणतो, अरे नरकातल्या घारी! माझी गोड पिल्लं आणि त्यांची आई, सगळी एका झडपेत?

फेल म्हणजे इथे क्रूर. घार कोंबडीवर आणि तिच्या पिल्लांवर झडप घालते तसं. घारीचं चित्र डोळ्यांसमोर असेल तर ‘एका फटक्यात’ हा यादीतला अर्थ पुरत नाही. आमच्या प्रयोगात तो नट हे ओरडला नाही. ‘ऑल’ हा शब्द तो प्रत्येक वेळी आधीपेक्षा हळू म्हणाला. 700 माणसं उभी होती, कुणाचा पाय हलला नाही. वरून एक विमान गेलं. त्याने बोलायचं थांबून ते जाऊ दिलं आणि मग पुढचं वाक्य घेतलं. माल्कम म्हणतो, पुरुषासारखा सामना कर. मॅकडफ म्हणतो, करीन, पण पुरुषासारखं मला ते सोसायलाही हवं. विहीणबाईंनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. मध्यंतर केव्हाच होऊन गेलं होतं, पाय भरून आले होते, त्या म्हणाल्या, ‘‘ताई, याचं आता काय होणार?’’ ट्रेनमध्ये मी त्यांना शेवट सांगितला होता.

शाळेत मी पुन्हा उभी राहिले असते तर ही यादी शिकवायच्या आधी मुलांना हा एक प्रवेश वाचून दाखवला असता. आजच्या शिक्षकांनी तो जरूर दाखवावा, प्रवेश छोटा आहे.

शेवटच्या लढाईत मॅकबेथ मॅकडफला ऐकवतो की माझ्या जिवाला मंत्राचं संरक्षण आहे, बाईच्या पोटी जन्मलेला माणूस मला मारू शकत नाही. ‘चार्म्ड लाइफ’ म्हणतात ते इथलं. नशीबवान माणसाबद्दल आज सहज म्हणतात. नाटकात म्हणणारा दोन मिनिटांत मेलेला असतो.

आता थोडं ग्लोबच्या बाहेरचं, कारण पाय मोकळे करायला आम्ही वॉटर्लू ब्रिजवरून पलीकडे ड्र्युरी लेनपर्यंत चालत गेलो. तिथलं थिएटर रॉयल बाहेरून बघितलं. आजची इमारत 1812 ची, पण जागा ‘स्टील माय थंडर’ची, म्हणजे माझं श्रेय दुसऱ्याने लाटलं या अर्थाच्या वाक्प्रचाराची. जॉन डेनिस नावाच्या नाटककाराने 1709 ला आपल्या नाटकासाठी गडगडाटाचा आवाज काढायची नवी युक्ती केली होती. नाटक पडलं, आवाज मात्र थिएटरवाल्यांना आवडला. थोड्याच दिवसांत डेनिस तिथे दुसऱ्यांचं नाटक बघायला गेला, तर त्याचाच गडगडाट वाजत होता. तो चिडून उठला आणि माझी गर्जना चोरली म्हणून ओरडला, असं सांगतात. ते दुसरं नाटक होतं ‘मॅकबेथ’.

सगळंच काही शेक्सपिअरचं नाही, हे इथे सांगायला हवं. वाक्प्रचारांचं एक ॲप मी फोनवर घेतलं होतं. नाव देत नाही. त्यात दुखावलेल्या स्त्रीच्या संतापापुढे नरकही फिका, हे सुप्रसिद्ध वचन शेक्सपिअरच्या नावावर टाकलंय. ते विल्यम काँग्रीव्हच्या 1697 च्या ‘द मोर्निंग ब्राइड’मधलं आहे. ‘द पेन इज मायटियर दॅन द सोर्ड’ हा तर आपल्या शाळांतल्या वक्तृत्व स्पर्धांचा ठरलेला विषय. ते वाक्य एडवर्ड बुल्वर-लिटनच्या 1839 च्या ‘रिशेल्यू’ नाटकातलं. फ्रान्सचा सत्ताधारी कार्डिनल ते म्हणतो, आणि आधी एक अट घालतो: राज्य करणारी माणसं खरोखरीची थोर असली तर. त्या अटीशिवाय ते वाक्य सुविचाराच्या फळ्यावर लिहिलं जातं, आणि ती अट विद्यार्थ्यांना सांगायलाच हवी असं मला मनापासून वाटतं. सूनबाईंच्या मैत्रिणी ज्याला गॅसलायटिंग म्हणतात, तेही पॅट्रिक हॅमिल्टनच्या 1938 च्या ‘गॅस लाइट’ नाटकातून आलेलं. नवरा वरच्या मजल्यावर चोरून दिवे लावतो, त्यामुळे खालच्या खोलीतला गॅसचा दिवा मंद होतो, आणि तो नवराच बायकोला तिचं डोकं फिरत चाललंय असं पटवत राहतो. हे ऐकून विहीणबाई म्हणाल्या, ‘‘आपल्याकडे नाही का, हात झटकणाऱ्याला म्हणतात, तो मी नव्हेच!’’ अत्र्यांचं नाटक 1962 चं. ते न पाहिलेली माणसंही हे बोलतात.

ग्लोबमधल्या अडचणी सांगते. यार्डात नाटक चालू असताना खाली बसता येत नाही. गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं असेल, चक्कर येत असेल तर हट्ट करू नका, गॅलरीत बसा. महाग पडतं, पण वर छप्पर असतं आणि आवाज स्वच्छ येतो. छत्री उघडू देत नाहीत, मागच्याला दिसत नाही म्हणून. तेव्हा टोपीचा रेनकोट सोबत हवाच, मग आभाळ कितीही निरभ्र असो. रंगमंचावर छत पेलणारे दोन जाड खांब आहेत. जुन्या रचनेबरहुकूम ते तिथेच असायला हवेत, पण बाजूला उभं राहिलं तर नट त्यांच्याआड जातात. म्हणून समोरच्या अंगाला, जरा मध्ये जागा धरा. पायात बूट घाला, चपला नकोत. आधी पोटभर जेवून जा. मध्यंतरात बाहेर पडून पुन्हा आत येता येतं. भाषा सगळी कळत नाही, हे खरं आहे. मलाही प्रत्येक ओळ कळली नसती, नाटक वाचलेलं नसतं तर. पण गोष्ट माहीत असली की नटांचे आवाज आणि चेहरे बाकीचं काम करतात, हे मी विहीणबाईंकडे बघून सांगते. त्यांच्या डोळ्यांना पदर लागला तो मी काही समजावून सांगितलं म्हणून नाही.

प्रयोग वसंतापासून ऑक्टोबरपर्यंत असतात. दरवर्षी नाटकं बदलतात, म्हणून मुलांना आधी वेबसाइट बघायला सांगा आणि उभ्याची तिकिटं लवकर काढा, ती लवकर संपतात. ‘मॅकबेथ’ नसेल तर ‘ऑथेल्लो’ घ्या. देवलांच्या ‘झुंझारराव’मुळे त्याची गोष्ट आपल्या घरात आधीच येऊन गेलेली आहे, आणि मत्सराला हिरव्या डोळ्यांचा राक्षस म्हणणारा इयागो तिथे भेटतो. तो हे ऑथेल्लोला सावध करायला म्हणून बोलतो, आणि त्याच क्षणी तो मत्सर त्याच्या मनात स्वतः पेरत असतो. पुढच्या उन्हाळ्यात ते लागलं तर विहीणबाईंचं तिकीट मी आत्ताच सांगून ठेवलं आहे. त्यांनी फक्त एवढंच विचारलं की त्यातही मुलं मरतात का. नाही मरत.